मणिभाईंची गाय

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर बांधाबांधाने चरणारी गाय अंगाने लहान असते. कुणी तांबूस, कुणी काळी, कुणी करडी, कुणी पांढरट. भाताचा पेंढा आणि डोंगरावरचे गवत खाऊन ती तगते, चार महिन्यांचा पाऊस सोसते, सहसा आजारी पडत नाही. दूध मात्र दिवसाला जेमतेम दोन लिटरच्या आसपास. या गाईला आता ‘कोकण कपिला’ म्हणून जातीचा दर्जा मिळाला आहे. तिला परदेशी वळूचे रेतन करून घरात दूध वाढवावे की तिची जात राखावी, हा प्रश्न रायगडमधल्या छोट्या शेतकऱ्यापुढे नेहमी येतो. याच प्रश्नाच्या उत्तरासाठी मणिभाई देसाईंनी आयुष्यातील मोठा काळ वेचला.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी झाला. शिक्षण विज्ञान शाखेचे. १९४२ च्या चळवळीने त्यांना ओढून घेतले, तुरुंगवास घडला आणि नंतर ते गांधीजींकडे सेवाग्रामला गेले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळीकांचनला राहिले आणि गरिबांसाठी तिथे निसर्गोपचार केंद्र सुरू झाले. गांधीजी आठवड्याभराने निघून गेले. पंचविशीतले मणिभाई तिथेच थांबले, ते कायमचे. त्यांनी लग्न केले नाही.

आश्रमात येणाऱ्या रुग्णाला आहार सांगणे सोपे होते. तो आहार त्याच्या घरात कुठून येणार, हा प्रश्न अवघड होता. गावात पोटभर अन्न नाही, मुलांना दूध नाही आणि हाताला काम नाही, तर उपचार किती दिवस टिकणार? मणिभाई शेतीकडे, शाळेकडे आणि गोठ्याकडे वळले ते यातूनच. त्यांनी सौराष्ट्रातल्या गीर गाई आणल्या, दुधाच्या नोंदी ठेवल्या, चांगल्या गाईंची पैदास केली. निवड, वैरण आणि निगा नीट असेल तर देशी गाय पुष्कळ दूध देते, हे त्या कळपाने दाखवले.

पण गीर गाय गरिबाच्या दावणीला नव्हती. त्याच्याकडे होती गावठी गाय, उशिरा माजावर येणारी आणि बराच काळ भाकड राहणारी. तिच्या पोटी अधिक दुधाची कालवड एकाच पिढीत यावी, यासाठी मणिभाईंनी संकराचा मार्ग धरला. १९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे ‘बायफ’ ही संस्था स्थापन केली. जर्सी आणि होल्स्टीन फ्रिजियन वळूंचे रेत उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचे आणि गाय माजावर आली की प्रशिक्षित कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या दारी जायचे, अशी ही पद्धत. तपासलेल्या वळूचे रेत वापरल्याने गावभर फिरणाऱ्या वळूमार्फत पसरणारे जननेंद्रियांचे रोगही टळतात. लाळ्या-खुरकुताच्या लसीचे उत्पादनही संस्थेने हाती घेतले.

दोन दूरच्या जातींच्या पहिल्या संकरात संततीला जो जोम येतो, त्याला ‘संकरज ओज’ म्हणतात. एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पैदास झाली की सदोष जनुकांच्या जोड्या जुळतात. दूरच्या रक्तात त्या फुटतात आणि एकीकडची उणीव दुसरीकडची निरोगी जनुके झाकतात. याचा सर्वाधिक लाभ प्रजननक्षमता, वासरांचे जगणे आणि काटकपणा यांत दिसतो. अमेरिकेतील मांसासाठी गुरे पाळणाऱ्यांनी हाच प्रयोग उलट दिशेने केला. आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल अशा वशिंडाच्या गुरांपासून त्यांनी ‘ब्राह्मन’ जात घडवली आणि काळ्या अँगसशी तिचा संकर करून उन्हात टिकणारी ‘ब्रँगस’ मिळवली.

मात्र हा जोम साठवून ठेवता येत नाही. संकरित गाई-वळूंचीच आपसात पैदास केली, तर पुढच्या पिढीत तो साधारण निम्म्यावर येतो. पुन्हा परदेशी वळू वापरला, तर परदेशी अंश पंच्याहत्तर टक्क्यांवर जातो आणि गाय नाजूक होते. गोचीड, ताप आणि उन्हाळा तिला सोसत नाही. म्हणून परदेशी अंश बेताचा ठेवणे हे या शास्त्राचे पथ्य. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने घडवलेल्या ‘फुले त्रिवेणी’ गाईतही निम्मा अंश होल्स्टीनचा, पाव जर्सीचा आणि पाव गीरचा आहे.

रंगाचा मोह हे दुसरे कुपथ्य. काळी-पांढरी कालवड दिसली की बाजारात भाव चढतो. पण काळा रंग मोजकी जनुके ठरवतात आणि ती प्रभावी असल्याने रंग सहज उतरतो. दूध मात्र असंख्य जनुकांवर आणि त्याहूनही वैरणीवर अवलंबून असते. उलट काळे अंग ऊन अधिक शोषते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. मग गाय धापा टाकते, चारा कमी खाते, दूध आटते आणि गाभ धरत नाही.

गोसेवेच्या वर्तुळात परदेशी रक्ताबद्दल नाराजी होती. मणिभाईंचा हिशेब सरळ होता. शेतकऱ्याला परवडेल तीच गाय त्याच्या दावणीला जगेल. नुसते रेतन करून ते थांबले नाहीत. चारा, लस, वांझपणावर उपचार आणि गाभण गाईची निगा हे सगळे त्यांनी एकत्र बांधले. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा संस्थेचे काम अनेक राज्यांत पोहोचले होते.

रायगडच्या गोठ्यात त्यांचा धडा जपून लावावा लागतो. कोकण कपिलेसारख्या लहान चणीच्या गाईला थोराड होल्स्टीनचे रेत दिले, तर वासरू मोठे होऊन ती विताना अडते, कधी जिवावर बेतते. जर्सी त्या मानाने लहान आणि उष्णता बरी सोसणारी. हिरवी वैरण, सावली, पाणी आणि जवळ पशुवैद्य असेल त्याने संकर जरूर करावा. पेंढ्याशिवाय काही नसेल, तर संकरित कालवड पोसण्यातच घर कर्जात जाते. अशा घरी कपिलाच बरी. तिच्यातल्याच चांगल्या गाई निवडून त्यांचा वंश वाढवावा. आणि सगळ्याच गावांनी सरसकट संकर केला, तर उद्याच्या संकरासाठी लागणारे काटक देशी रक्तच उरणार नाही.

मणिभाईंनी गाय पाहिली ती तिला पोसणाऱ्या घरासकट. दावणीची वैरण, हवेचा दमटपणा आणि खिशातला पैसा मोजूनच वळू निवडावा.