किर्लोस्करांचा पंप सगळ्यांना माहितीय, पण सुरुवात झाली ती सायकलच्या दुकानातून

किर्लोस्कर म्हटलं की विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर येतो. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धंदा सुरू केला तो सायकलचा, आणि तोही १८८८ साली.

आडनावातच गाव आहे. हे घराणं मूळचं मालवण तालुक्यातल्या किर्लोसचं. लक्ष्मणरावांचा जन्म मात्र घाटावर, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, २० जून १८६९ चा. शाळेत मन रमेना, म्हणून चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की आपल्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. मग जिथे रंग लागत नाहीत ते यंत्रांचं ड्रॉइंग त्यांनी धरलं आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले.

आता तो काळ बघा. मागच्या चाकाला साखळी असलेली, आजच्यासारखी दिसणारी सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी आणली १८८५ मध्ये. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ मध्ये. तिकडेही ही वस्तू नवीच होती. आणि इकडे बेळगावात तिचं दुकान! डांबरी रस्त्यांचा तर पत्ताच नव्हता.

लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे. थोरले भाऊ रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे आणि फी घेऊन चालवायलाही शिकवायचे. खरी मेख या शिकवणीत होती. ज्याला तोल सांभाळता येत नाही तो सायकल घेणार कशाला? आधी शिकवा, मग विका.

पुढे व्हीजेटीआयमधली हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर.

इथे गाडी अडली. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष पसरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज हसू येईल, पण एक हंगाम बुडाला तर वर्षभर खायचं काय, हा प्रश्न त्यांचा होता, कारखानदाराचा नाही. सायकलवरून पडलं तर गुडघा फुटतो, इथे अख्खं घर बसलं असतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली.

त्यात बेळगावची जागाही सोडायची वेळ आली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी, आताच्या सांगली जिल्ह्यातली. ज्या नांगराला गिऱ्हाईक मिळत नव्हतं, त्याच्यामुळेच किर्लोस्कर हे नाव गावोगाव पोहोचलं. पंप आणि इंजिनं नंतरची.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. किर्लोस्कर ब्रदर्स आपलं स्थापना वर्ष आजही १८८८ सांगते, म्हणजे बेळगावच्या त्या सायकल दुकानाचं.