त्रेचाळीस आलेख आणि एक अपवाद

संगणकावर आज मोजक्या ओळींची आज्ञावली लिहिली की चाळीस देशांचे चाळीस आलेख काही क्षणांत तयार होतात. यादीतील एका देशाचे नाव घ्यायचे, त्याचे आकडे वाचायचे, आलेख काढायचा, त्याच नावाने फाइल जतन करायची आणि पुढच्या देशाकडे वळायचे. संगणकाच्या परिभाषेत याला ‘लूप’ म्हणतात. हेच आवर्तन अठराव्या शतकात हाताने पूर्ण करणारे गृहस्थ म्हणजे विल्यम प्लेफेअर.

प्लेफेअर यांचा जन्म १७५९ साली स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळच्या लिफ या गावी, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यावर थोरले बंधू जॉन यांनी त्यांना शिकवले. पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपाला आलेल्या या बंधूंनी त्यांच्याकडून रोजच्या तापमानाची नोंद करवून घेतली आणि आकड्यांऐवजी रेषा वाचण्याची दृष्टी दिली. नंतर अँड्र्यू मीकल यांच्याकडे यंत्रकामाची उमेदवारी करून १७७७ मध्ये ते बर्मिंगहॅमला जेम्स वॉट यांचे आरेखक झाले.

१७८६ मध्ये त्यांचा व्यापारविषयक ‘अ‍ॅटलास’ प्रसिद्ध झाला. नाव अ‍ॅटलास असले, तरी त्यात नकाशा एकही नव्हता. होते ते चव्वेचाळीस आलेख. त्यांपैकी त्रेचाळीस काळाच्या ओघात आकडे कसे बदलले हे दाखवणारे होते. व्यापाराच्या आलेखांची मांडणी सारखीच होती. तळाशी वर्षे, बाजूला पौंड, एक रेषा आयातीची, दुसरी निर्यातीची आणि दोहोंमधल्या जागेत रंग. देश बदलला की आकडे बदलत, चौकट तीच राही. त्यामुळे एक आलेख वाचायला शिकलेल्याला उरलेले आपोआप वाचता येत. प्रत्येक आलेख तांब्याच्या स्वतंत्र पत्र्यावर कोरला जाई आणि छापल्यावर हाताने रंगवला जाई. आज आज्ञावलीत दर फेरीला फाइलचे नाव बदलायचे राहिले, तर नवा आलेख जुन्याला पुसून टाकतो आणि शेवटी एकच उरतो. तांब्याच्या पत्र्यांना ती भीती नव्हती.

स्कॉटलंडपाशी मात्र हे आवर्तन अडले. त्या देशाच्या व्यापाराचे आकडे त्यांना १७८० च्या नाताळपासून १७८१ च्या नाताळपर्यंत, म्हणजे एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षातून रेषा निघत नाही. मधली वर्षे अंदाजाने भरून चौकट राखणे सोपे होते. प्लेफेअर यांनी ते केले नाही. सतरा ठिकाणांशी झालेला व्यापार त्यांनी आडव्या पट्ट्यांनी दाखवला. त्यांना स्वतःला हा आलेख इतरांपेक्षा उणा वाटत होता. आज मात्र तो स्तंभालेखाच्या जन्माचा दाखला मानला जातो. १८०१ च्या पुस्तकात त्यांनी वर्तुळाचे भाग पाडून वृत्तालेखही दिला.

आकड्यांशी असा प्रामाणिक राहिलेला हा माणूस व्यवहारात तसा नव्हता. १७८७ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे सायोटो कंपनीचे प्रतिनिधी या नात्याने त्यांनी अमेरिकेतील ओहायोच्या जमिनी विकल्या. शेकडो फ्रेंच माणसे घरदार सोडून समुद्रापार गेली आणि हातातल्या कागदांनी जमिनीची मालकी मिळत नाही, हे तेथे पोहोचल्यावर त्यांना कळले. पुढे लंडनमध्ये कर्ज आणि खटले त्यांच्या मागे लागले. १८१६ मध्ये त्यांनी लॉर्ड डग्लस यांच्याकडून धमकावून पैसे उकळण्याचाही प्रयत्न केला. फेब्रुवारी १८२३ मध्ये ते विपन्नावस्थेत वारले.

बदनाम माणसाच्या चित्रांवर विश्वास कोण ठेवणार? वाचकांचा भरवसा बसावा म्हणून आलेखांसोबत कोष्टकेही द्यावीत, असा सल्ला वॉट यांनी सुरुवातीलाच दिला होता. तरीही इंग्लंडमध्ये त्यांच्या पद्धतीला मान्यता मिळायला कित्येक दशके गेली.

प्लेफेअर यांच्या कारागिराला जे कोरायला कित्येक दिवस लागत, ते संगणक आता चुटकीसरशी करतो. पण लूप न थकता फिरते, तशीच ती न विचारताही फिरते. यादीतील एखाद्या देशाचे आकडे अपुरे असले, तर तेथे थांबून वेगळा आलेख काढायचा की पोकळी झाकून तीच रेषा पुढे ओढायची, हे अजूनही आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. स्कॉटलंडच्या पानावर प्लेफेअर थांबले होते.