राष्ट्राचे दुखणे सांगणारा वैद्य

डिसेंबर महिना उजाडला की गोमंतकीयांना १९६१ सालच्या मुक्तीचे स्मरण होते. १९ डिसेंबरच्या त्या दिवसानंतर अकराच दिवसांनी, म्हणजे ३० डिसेंबर रोजी, फिलिपाइन्सची जनता आपल्या राष्ट्रपुरुषाची पुण्यतिथी पाळते. हा राष्ट्रपुरुष सेनापती नव्हता आणि कोणत्याही राज्याचा प्रधानही नव्हता. व्यवसायाने नेत्रवैद्य असलेल्या आणि दोन कादंबऱ्या लिहिलेल्या होसे रिझाल यांना त्या राष्ट्राने हा मान दिला आहे. त्या देशाचा व आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. १५८० ते १६४० ही साठ वर्षे स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यावर एकाच राजाची सत्ता होती. ज्या दुसऱ्या फिलिपच्या नावावरून त्या बेटांचे नामकरण झाले, तोच काही काळ गोव्याचाही धनी होता. म्हणूनच रिझाल यांचे चरित्र आम्हाला परके वाटत नाही.

रिझाल यांचा जन्म १९ जून १८६१ रोजी लुझोन बेटावरील कालांबा या गावी झाला. घर सुखवस्तू होते, पण कसण्याची जमीन डोमिनिकन संघाच्या मालकीची आणि कुटुंब त्यांचे खंडकरी. होसे लहान असतानाच त्यांच्या आईवर विषप्रयोगाचा खोटा आळ घेण्यात आला आणि त्या माउलीला सुमारे अडीच वर्षे तुरुंगात काढावी लागली. १८७२ साली काविते येथील शिपायांच्या उठावाचे निमित्त करून गोमेस, बुर्गोस व सामोरा या तीन पाद्रींना सरकारने देहान्ताची शिक्षा दिली. युरोपीय संघांच्या पाद्रींप्रमाणे स्थानिक पाद्रींनाही चर्चचा कारभार मिळावा, ही मागणी त्यांना भोवली. गोव्यातील १७८७ च्या पिंटोंच्या बंडामागेही एतद्देशीय पाद्रींना वरच्या जागा नाकारल्याचेच दुःख होते, हे येथे आठवते. रिझाल यांचे थोरले बंधू पासियानो हे बुर्गोस यांचे शिष्य होते. त्यामुळे या घटनेची झळ थेट घरापर्यंत पोहोचली.

१८८२ साली रिझाल स्पेनला गेले. माद्रिद येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी पॅरिस व हायडेलबर्ग येथे नेत्रचिकित्सेचा अभ्यास केला. पुढे स्वतःच्या आईच्या मोतीबिंदूवर त्यांनीच शस्त्रक्रिया केली. परंतु त्यांचे खरे निदान वेगळ्याच रोगाचे होते. १८८७ साली, एका मित्राने उसने दिलेल्या पैशांवर, त्यांनी बर्लिनमध्ये ‘नोली मे तान्जेरे’ या कादंबरीच्या दोन हजार प्रती छापून घेतल्या. युरोपातून शिकून आलेला तरुण गावात शाळा काढू पाहतो आणि त्या साध्या इच्छेपायी त्याचा सर्वनाश होतो, असे तिचे कथानक. आपल्या देशाला जडलेला सामाजिक कर्करोग लपवून न ठेवता सर्वांसमोर उघडा करावा, ही भूमिका त्यांनी अर्पणपत्रिकेतच मांडली होती. सत्ताधीश संघांनी या पुस्तकावर बंदी आणवली, यात नवल नाही. तथापि या कादंबरीत केवळ परक्यांचे दोष आहेत असे समजणे चुकीचे ठरेल. साहेबी थाटासाठी स्वतःची भाषा व रंग लपवू पाहणारी फिलिपिनो स्त्री, अन्याय पाहूनही गप्प बसणारे गावपुढारी, पैसे देऊन पुण्य विकत घेणारे श्रीमंत, हे सारे त्यात आहेत.

रिझाल यांच्या सर्व लेखनात ही दुहेरी दृष्टी दिसते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेला मोर्गा यांचा इतिहासग्रंथ उतरवून घेतला आणि टिपांसह पुन्हा छापला. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांना शेती, जहाजबांधणी व व्यापार अवगत होता, हे त्यांना दाखवायचे होते. १८९० साली फिलिपिनो माणसाच्या आळसावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी तो आरोप सरसकट नाकारला नाही. वेठबिगारी, उद्ध्वस्त झालेला व्यापार आणि मेहनतीचे फळ हिरावून घेणारी राजवट यांतून तो कसा उपजला, हे दाखवून त्यांनी स्वकीयांच्या निष्क्रियतेलाही जाब विचारला.

याच सुमारास कालांबा येथे खंडवाढीविरुद्ध दाद मागणारी कुळे न्यायालयात हरली. सैनिक आणून त्यांना घराबाहेर काढण्यात आले, घरे पाडण्यात आली आणि त्यांत रिझाल यांचे वृद्ध आईवडीलही होते. घरातून हुसकावले जाणे म्हणजे काय, हे गोव्याच्या कुळा-मुंडकारांना सांगायला नको. आपल्याकडे कुळांना कायद्याचे संरक्षण १९६४ साली आणि मुंडकारांना १९७५ साली मिळाले. आपले बहुतेक भाटकार मात्र परके नव्हते, आपलेच होते. रिझाल वाचताना ही गोष्ट सोयीस्करपणे विसरता येणार नाही.

त्यांची दुसरी कादंबरी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ १८९१ साली गेंट येथे प्रसिद्ध झाली. त्या तीन हुतात्मा पाद्रींना ती अर्पण केलेली आहे. सूडाने पेटलेल्या नायकाचा घातपाताचा कट तीत फसतो. लोकांची तयारी नसताना सत्ता उलथली तर आजचे दास उद्याचे जुलमी होतील, ही रिझाल यांची धास्ती होती. १८९२ साली मनिलाला परतून त्यांनी ‘ला लिगा फिलिपिना’ ही सनदशीर संघटना स्थापली, तोच त्यांना अटक झाली आणि मिंदानाओ बेटावरील दापितान येथे हद्दपार करण्यात आले. तेथील चार वर्षांत त्यांनी मुलांची शाळा चालवली, रुग्णांवर उपचार केले आणि गावासाठी पाणी आणले. इकडे आंद्रेस बोनिफासिओ यांनी ‘कातिपुनान’ ही गुप्त क्रांतिसंस्था उभारली. क्रांतिकारकांनी रिझाल यांचे नाव परवलीचा शब्द म्हणून वापरले, पण रिझाल यांनी त्या उठावाला संमती दिली नाही. तरीही १८९६ च्या ऑगस्टमध्ये उठाव होताच सरकारने त्यांनाच चिथावणीखोर ठरवले. लष्करी न्यायालयाने शिक्षा फर्मावली आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलाच्या बागुम्बायान मैदानावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे पस्तीस. पुढच्याच वर्षी बोनिफासिओ यांनाही त्यांच्याच क्रांतिकारक सहकाऱ्यांनी ठार केले. रिझाल यांची धास्ती अनाठायी नव्हती, हे इतक्या लवकर सिद्ध झाले. मात्र दीर्घकाळ सोसणाऱ्या जनतेने तयारीची वाट किती पाहावी, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याही लेखनात सापडत नाही, हे मान्य केले पाहिजे. १८९८ साली स्पेनची सत्ता गेली, पण तिच्या जागी अमेरिकेची आली. स्वातंत्र्यासाठी १९४६ साल उजाडावे लागले.

त्यानंतरही रिझाल सहजी पचनी पडले नाहीत. त्यांच्या कादंबऱ्या शाळा-महाविद्यालयांत शिकवल्या जाव्यात, यासाठी १९५६ साली कायदा करावा लागला आणि धर्मपीठाच्या धुरीणांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्यांचे पुतळे गावोगावी होते, त्यांची पुस्तके मात्र अडचणीची वाटत होती. शिवाय त्यांनी राज्यकर्त्यांच्या स्पॅनिश भाषेत लिहिल्यामुळे त्यांच्याच देशबांधवांना आज ती बहुधा भाषांतरातून वाचावी लागतात. गोव्याचे सुपुत्र फ्रान्सिस्को लुईस गोमीश यांनी १८६६ साली पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या ‘ओस ब्राह्मणेस’ या कादंबरीची स्थिती याहून वेगळी नाही.

परकी सत्ता गेल्यावर तिचे अपराध मोजणे सोपे असते आणि ते मोजलेही पाहिजेत. पण आपल्या समाजात त्या सत्तेला हात देणारे कोण होते, गप्प बसणारे कोण होते आणि ती गेल्यावर तिची वागणूक कोणी उचलली, हे विचारण्याला अधिक धैर्य लागते. रिझाल यांनी ते प्रश्न सत्ता असतानाच विचारले आणि त्याची किंमत मोजली. मुक्तिदिनाची भाषणे संपल्यावर आमच्या वाचकांनीही हे प्रश्न स्वतःला विचारावेत, आणि आमच्या शाळांनी हुतात्म्यांच्या तसबिरींना हार घालताना त्यांची पुस्तकेही मुलांच्या हाती द्यावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.