कारागिरांसाठी कल्पिलेले महाकाय इंजिन

लहान कारागिरांना परवडेल असे काटकसरी इंजिन तयार करण्याचे स्वप्न रुडॉल्फ डिझेल यांनी पाहिले. प्रत्यक्षात ऑग्सबर्गच्या कारखान्यात उभे राहिले ते सुमारे तीन मीटर उंचीचे लोखंडी धूड. ते परवडले बड्या कारखानदारांना.

डिझेल स्वतः कारागिराचे पुत्र. १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये जन्म. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध भडकले आणि या जर्मन कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. रुडॉल्फ शिक्षणासाठी ऑग्सबर्गला आले व पुढे म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचे विद्यार्थी झाले. वाफेच्या इंजिनात इंधनातील जेमतेम दहा टक्के उष्णता कामी येते, हे त्यांना तेथे कळले. उरलेली नव्वद टक्के वाया जाते, ही गोष्ट त्यांना आयुष्यभर छळत राहिली.

सिलिंडरमधील हवा प्रचंड दाबली की ती तापते. त्यात इंधन सोडले की ठिणगीविना पेट घेते, ही त्यांची कल्पना. १८९३ मध्ये पेटंट मिळाले. त्याच वर्षी १० ऑगस्टच्या पहिल्या चाचणीत स्फोट होऊन दाबमापक फुटला; डिझेल थोडक्यात बचावले. मात्र इंधन आपोआप पेटते, हे त्या स्फोटानेच सिद्ध केले! फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वबळावर चालले, तेही जेमतेम मिनिटभर. १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी केलेल्या चाचणीत कार्यक्षमता २६.२ टक्के भरली.

इंधन सिलिंडरमध्ये ढकलण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. इंजिनाचा आकार आटोक्यात येईना, त्याचे हे एक मोठे कारण. बॉश कंपनीचा सुटसुटीत इंधनपंप आला तो १९२७ मध्ये. तोवर हे इंजिन मुख्यतः गिरण्या, वीजघरे आणि जहाजांचेच राहिले. १९१२ मध्ये 'सेलँडिया' हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर महासागर ओलांडून गेले.

इंजिनाने कारखानदारांना पैसा दिला. डिझेल मात्र पेटंटचे वाद, ढासळती प्रकृती व फसलेली गुंतवणूक यांत बुडत गेले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून ते नाहीसे झाले. अपघात, आत्महत्या की घातपात, हा वाद आजही मिटलेला नाही. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या व देह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला. त्या वस्तू डिझेल यांच्या मुलाने ओळखल्या.