दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (जन्म : १० जानेवारी १८९६, मृत्यू : १७ एप्रिल १९९०) हे मराठी कवी आणि जुन्या भारतीय वस्तूंचे संग्राहक होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी काव्यलेखन केले. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यांच्या संग्रहातून उभे राहिले.

कवी ते संग्राहक

केळकरांचा पिंड मुळात कवीचा. भा. रा. तांबे यांच्या कवितेच्या एका संग्रहाचे संपादन त्यांनी केले होते. उपजीविकेचे साधन चष्म्यांचे दुकान हे होते. इ. स. १९२० च्या सुमारास ते जुन्या वस्तू जमवू लागले. त्या काळी जाणकारांचे लक्ष मुख्यतः ताम्रपट, नाणी, मूर्ती आणि शस्त्रे यांकडे असे. केळकरांची नजर मात्र माजघराकडे आणि स्वयंपाकघराकडे वळली. अडकित्ते, दिवे, कुलुपे, दौती, भांडी, वाद्ये असे जे घरोघरी अडगळीत पडले होते, तेच त्यांनी मोलाचे मानले. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या सहकारी होत्या. त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला. संग्रहालयाला त्याचेच नाव आहे.

शृंगाराच्या वस्तू

संग्रहाचा लक्षणीय भाग स्त्रियांच्या साजशृंगाराशी निगडित आहे. त्यात कुंकवाचे करंडे, फण्या, आरसे, फणेरपेट्या आणि पाय घासण्याच्या वज्र्या आहेत. वज्रीची घासण्याची बाजू खरबरीत असते, पण वर मोर, हत्ती किंवा स्वार बसविलेला असतो; काही वज्र्यांच्या पोकळीत खडे घातलेले असतात, त्यामुळे घासताना नाद होतो. टाच घासण्याच्या वस्तूवर एवढी कलाकुसर करणाऱ्या ओतकाऱ्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

या वस्तू टिकून राहण्यामागे एक कारण आहे. सोन्याचा दागिना पिढी बदलली की मोडीत जाई. सासूच्या ठुशीचे सोने सुनेच्या पाटल्यांत जाई आणि जुना घाट कायमचा नाहीसा होई. पितळेच्या करंड्याला किंवा लाकडी फणीला मोडीत फारसे मोल नसल्यामुळे त्यांचा मूळ घाट बहुधा अबाधित राहिला. घराण्यांतील जुन्या दागिन्यांची वर्णने वाचायला मिळतात, दागिने क्वचितच. म्हणून गतकाळच्या शृंगाराची कल्पना येण्यास या साध्या वस्तूंचा आधार मोठा आहे.

पारख

विसाव्या शतकात पॅरिसमधील शानेल, स्कियापारेल्ली यांच्या पेढ्यांनी काच व हलक्या धातूंचे बेगडी दागिने प्रतिष्ठेला चढविले. आज ते जमविणारे लोक दागिन्याच्या पाठीवरील पेढीचा ठसा आधी पाहतात. केळकरांनी जमविलेल्या वस्तूंवर बहुधा असा ठसा नसतो. करणारा अनामिक असतो. तेथे पारख घाट, धातू, घडण आणि झीज यांवरूनच करावी लागते. अडकित्त्याची मूठ तळहाताच्या जागी गुळगुळीत होते आणि खिळीशी सैल पडते. नव्या पितळेला आम्ल लावून किंवा ते मातीत पुरून आणलेले जुनेपण मात्र सर्वत्र सारखे दिसते. वस्तू कोणत्या घरातून आणि कोणत्या प्रांतातून आली, ही माहिती तिच्यासोबतच नोंदली गेली नाही तर पुढे मिळणे कठीण असते.

केळकरांचा ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हा दिव्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९६१ साली केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केला.

संग्रहालय

१९६२ साली संग्रहालयाची स्थापना झाली. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणून येथे पुन्हा उभे केले. घरगुती वस्तूंच्या या संग्रहात पेशवाईची ही एवढी मोठी वास्तू काहीशी वेगळीच वाटते. वस्तूंची संख्या २०,००० च्या वर गेली. जागेअभावी त्यांतील थोड्याच वस्तू एका वेळी मांडता येतात.

जुन्या वस्तूंना देशोदेशी गिऱ्हाईक होते आणि सुट्या विकल्या असत्या तर पुष्कळ द्रव्य मिळाले असते. केळकरांनी १९७५ साली हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यात बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठेत तो पाहता येतो.