भीमरावांच्या हाती बुद्ध ठेवणारे गुरुजी

बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू, हे आमच्या वस्तीतील पोरालाही पाठ असते. परंतु यातील पहिल्या गुरूचे चरित्र ज्या शिक्षकाने भीमरावांच्या हाती ठेवले, त्या कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे नाव आमच्या किती सभांमधून घेतले जाते?

केळुसकरांचा जन्म १८६० चा, वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचा. मुंबईच्या विल्सन हायस्कूलात ते शिक्षक होते. त्यांनी तुकोबांचे व शिवरायांचे चरित्र लिहिले, गीतेवर टीका लिहिली आणि १८९८ साली गौतम बुद्धाचे चरित्र प्रसिद्ध केले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव त्यांच्या नजरेत भरला. त्याला ते पुस्तके देऊ लागले.

चरित्रकार सत्काराचा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकचा सांगतात. खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथीनंतरचा सांगितला आहे. वकील म्हणून आम्ही प्रत्यक्ष साक्षीदाराचा शब्द वजनदार मानतो. कौतुकाने पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजीबाबा सभेला तयार नव्हते. केळुसकरांनी मध्यस्थी केली, सभा झाली आणि गुरुजींनी भाषणाच्या शेवटी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ते वाचून भीमरावांनी वडिलांनाच विचारले की, आम्हाला बौद्ध साहित्याची ओळख का करून दिली नाही, रामायण-महाभारतच का वाचायला लावले?

पुढे शिक्षण अडले, तेव्हा याच गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

एका पुस्तकाने बाबासाहेब बौद्ध झाले, असे मात्र कोणी समजू नये. त्या भेटीपासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत सुमारे पन्नास वर्षांचा अभ्यास आणि संघर्ष आहे. तो बाबासाहेबांचा स्वतःचा आहे. गीतेवर लिहिणाऱ्या गुरुजींनी धर्म बदल असे सांगितले नव्हते. त्यांनी पुस्तक दिले, निर्णय वाचणाऱ्यावर सोडला. १९३४ साली ते वारले. येवल्याची घोषणाही त्यांना ऐकता आली नाही. आपल्या भेटीतून काय उगवले, हे त्यांना कधीच कळले नाही.

आमच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावागावांत, दहावी-बारावीच्या निकालानंतर सत्कार होतात. हार-शाल होते, पुढाऱ्यांची भाषणे होतात, फोटो निघतात. पोर घरी जाते ते रिकाम्या हाताने. शाल पेटीत पडून राहते, पुस्तक मात्र डोक्यात प्रश्न पेरते. समाजबांधवांनो, यंदापासून विहारातील प्रत्येक सत्कारात शालीचा पैसा पुस्तकाला लावा. त्यातील कोणते पोर उद्या बापाला प्रश्न विचारील, हे आज आपल्याला सांगता येणार नाही. ते केळुसकर गुरुजींनाही सांगता आले नसते. जयभीम!