स्वामी रामानंद तीर्थ
स्वामी रामानंद तीर्थ (मूळ नाव: व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, ३ ऑक्टोबर १९०३ – २२ जानेवारी १९७२) हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी नेते, शिक्षक व संन्यासी होते. हिप्परगा व अंबाजोगाई येथे त्यांनी अध्यापन केले.

निजामी राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानानुसार सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी सक्तीची होती. वृत्तपत्रांवरही निर्बंध होते. त्यामुळे लोकजागृती वाचनालये, खाजगी शाळा व प्रांतिक परिषदांच्या आश्रयाने झाली. महाराष्ट्र परिषदेच्या कार्यातून स्वामीजी पुढे आले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. तिच्याविरुद्धच्या सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. ही बंदी १९४६ मध्ये उठली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकवल्यामुळे त्यांना पुन्हा अटक झाली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान मुक्त झाले आणि तेही तुरुंगाबाहेर आले.

पुढे ते दोनदा लोकसभेवर निवडून गेले. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. किनवटसारख्या दुर्गम तालुक्यातील महाविद्यालयेही त्याच्याशी संलग्न आहेत.